नुसता ओ

१

रोज सकाळी ताई रेडिओला हाका मारत असे आणि रेडिओ तिला धड ओ देत नसे. तिच्या नोकरीचं स्वरूप थोडक्यात सांगायचं तर एवढंच.

काम तसं पुण्य लागेल असं होतं. आगीत शिरणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानांसाठी एक सेट बनवायचा होता. जवानाच्या कमरेला एक सेट, बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दुसरा. बाहेरच्यानं कळ दाबली की आतल्या सेटला संदेश जायचा, आतल्या सेटनं तत्काळ उत्तर द्यायचं, आणि उत्तर यायला किती वेळ लागला यावरून आतला माणूस किती लांब आहे हे पडद्यावर कळायचं. मग धूर कितीही दाट असो, माणूस सापडायला हवा. या संदेशाला आणि उत्तराला पुस्तकात लांबलचक नावं आहेत. प्रयोगशाळेत मात्र सगळे 'हाक' आणि 'ओ' म्हणत. आज किती हाका गेल्या, किती ओ आले, असा हिशेब चाले.

ही नावं ताईच्या घरातून आली होती. तिच्या धाकट्या भावाला, टिल्लूला, घरात कुठूनही हाक मारली की तो लांबलचक 'ओ' द्यायचा. लपाछपीत फडताळात दडून बसला असला तरी. ताई नुसती अंगणात उभी राहून "टिल्लू!" म्हणायची आणि फडताळ म्हणायचं, "ओऽऽ!" त्या खेळात तो जन्मात जिंकला नाही. आता तो दारात वाकून शिरावं लागेल इतका उंच झाला होता, अग्निशमन दलात जवान होता, तरी घरात टिल्लूच राहिला. ज्या सेटवर ताई डोकं फोडून घेत होती, तो पहिल्यांदा त्याच्याच कमरेला लागणार होता. म्हणून तिनं त्या सेटला नावही तेच देऊन टाकलं होतं.

चाचण्या मुक्या खोलीत चालत. बाहेरून पोलादी पेटी, आतून भिंती, छत, जमीन सगळीकडे काळ्या स्पंजचे हातभर लांब सुळके. बाहेरची लहर आत येत नाही, आतली बाहेर जात नाही, आणि आतल्या आत काही उसळूनही येत नाही. दार लावलं की स्वतःचा आवाजसुद्धा ओठांशीच संपतो. नवी माणसं पाच मिनिटांत बाहेर पळत. ताईला ती खोली आवडायची, कारण तिथे साहेबांचा आवाज येत नसे.

एके दिवशी टिल्लूच्या सेटची बॅटरी काढून ती तिनं बाहेर टेबलावर ठेवली होती. सेट आत स्टँडवर उघडा पडला होता, आणि हाक मारणारी अँटेना त्याच्यासमोर, वायरीनं बाहेरच्या कळेला जोडलेली. सवयीनं, काही विचार न करता, तिनं कळ दाबली.

पडद्यावर लाल अक्षरं आली. टिल्लूला हाक गेली. ओ आला. नाव नाही.

२

'नाव नाही' म्हणजे काय ते सांगायला हवं. सेट ओ देताना त्याबरोबर स्वतःचं नाव पाठवत असे. नाव जुळलं तर अक्षरं हिरवी, नाही तर लाल. हा ओ बिननावाचा होता. आणि अंतर मुक्या खोलीच्या भिंतीपलीकडचं होतं, जवळजवळ जिन्यापाशी.

ताईनं आधी वायर बदलली. मग सेट बदलला. मग शेजारच्या विभागातले सगळे वायरलेस बंद करवले, आणि त्यासाठी त्यांची बोलणी खाल्ली. प्रोग्रॅम लिहिणारा सहकारी दिवसातून चार वाक्यं बोलायचा म्हणून त्याला सगळे मुनी म्हणत. त्यातली दोन त्यानं यावर खर्च केली.

"भूत नाही, बग आहे. आणि बग तुमच्या सर्किटमध्ये आहे, माझ्या प्रोग्रॅममध्ये नाही."

"अरे, सर्किटमध्ये बॅटरीच नाही! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मुनीनं खांदे उडवले. उरलेली दोन वाक्यं त्याला संध्याकाळसाठी हवी होती.

विभागप्रमुखांकडे जाण्यात अर्थ नव्हता, तरी ती गेली. त्यांना होईलसाहेब म्हणत, कारण छत गळतंय म्हणा नाहीतर नोकरी सोडतोय म्हणा, ते "होईल, होईल" म्हणायचे. ताईनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आपलं यंत्र बंद असतानाही चालतं! मग चालू असताना का नाही चालत?"

"साहेब, तेच तर—"

"होईल. प्रात्यक्षिकाच्या आधी होईल. वरच्या साहेबांना तारीख दिलेली आहे."

ती जागेवर आली तेव्हा तिचे कान तापले होते. रडू येत नव्हतं, नुसतं काहीतरी फेकून द्यावंसं वाटत होतं. हातात मोजायचं महागडं यंत्र होतं म्हणून वाचलं.

मग तिनं एक गोष्ट ताडली. बाकीच्या सेटना त्यांच्या नावानं हाक मारली तर काही नव्हतं. बिननावाचा ओ यायचा तो फक्त 'टिल्लू' या हाकेला. आणि रोजची अंतरं एकाखाली एक पाहिली तर ती कमी होत होती. जिना. मग बाहेरची मार्गिका. मग दार. तिनं स्वतःला बजावलं की घड्याळाचा स्फटिक तापला की मोजमाप सरकतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. तिनं स्फटिक बदलला. नवा स्फटिक अगदी थंड होता.

त्या दुपारी बाहेरचा सेट हातात घेऊन ती स्वतः आत गेली, दार ओढून घेतलं, टिल्लूचा सेट स्टँडवरून खाली ठेवला आणि कळ दाबली. खोलीत तिच्या श्वासाखेरीज काही नव्हतं. पडद्यावर लाल अक्षरं आली. ओ. नाव नाही. अंतर हातभर.

तिनं समोर पाहिलं. स्पंजचे सुळके होते. तिनं मागे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण मान वळली नाही. चार-पाच पावलांवरच्या दारापर्यंत ती तशीच पाठमोरी, चाचपडत, सुळके मोडत गेली. बाहेर आल्यावर मोडलेल्या सुळक्यांबद्दल होईलसाहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाय घसरला.

३

रविवारी टिल्लू जेवायला आला. स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, "टिल्लू, पाणी घे रे!" आणि बाहेरून पंधरवड्यानंतर तो ओळखीचा ओ आला. ताईच्या हातातली ताटली पडली.

"काय गं? मी घाबरवलं की काय?"

"नाही रे. झोप नाही झाली." मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कामावर असाच ओ देतोस का?"

टिल्लूनं पाण्याचा तांब्या ठेवला. "वर्दीत असताना नाही. आता नियमच आहे. धुरात कुणी हाक मारली तर नुसता ओ द्यायचा नाही. नाव सांगायचं आणि जागा सांगायची."

"कधीपासून?"

"माझा जोडीदार गेला तेव्हापासून."

गेल्या वर्षी गोदामाला आग लागली होती, एवढं ताईला ठाऊक होतं. त्याचा जोडीदार आतून बाहेर आला नाही, हेही. हा सेट करण्याचा हट्ट तिनं त्यानंतरच धरला होता. पण टिल्लूनं त्या दिवसाचं कधी काही सांगितलं नव्हतं आणि तिनं खोदून विचारलं नव्हतं.

"तो ओ देत होता, ताई. आम्ही हाका मारत होतो आणि तो शेवटपर्यंत ओ देत होता. पण धुरात आवाज कुठून येतोय ते कळत नाही. आम्ही डावीकडे गेलो, ओ उजवीकडून. उजवीकडे गेलो, ओ मागून. भिंती ओ देत होत्या म्हण ना. तो सापडला तेव्हा दारापासून दोन हातांवर होता." त्यानं तांब्या उगाच बाजूला सरकवला. "आणि सापडल्यावरसुद्धा आतून ओ येतच होता. म्हणजे कान वाजत असतील. सगळ्यांचेच."

आईनं आतून विचारलं, वाढू का.

मग तोच हसला आणि विषय बदलला. उठून त्यानं स्वयंपाकघराच्या बंद दारावर हाताची पालथी बाजू टेकवली, आणि मगच ते ढकललं. ताईनं त्याची थट्टा केली. "आई आत फोडणी करतेय, आग नाही लागली!"

"सवय गं. तळहात कधी लावायचा नाही. दार तापलेलं असलं तर भाजतो, आणि भाजला तर मूठ वळत नाही. भिंत चाचपायची तीसुद्धा पालथ्या हातानं."

जेवताना तो म्हणाला, "तुझं यंत्र झालं ना की मी पहिला. मला शोधायला कुणाला भिंतींचे ओ ऐकावे लागणार नाहीत." आणि भात मागितला.

४

प्रात्यक्षिक जवळ आलं आणि खऱ्या सेटनं मान टाकली. मुक्या खोलीत तो शहाण्यासारखा वागायचा, पण काँक्रीटच्या भिंतीआड नेला की दहा हाकांना दोन ओ. कारण सरळ होतं. ओबरोबर नाव जायचं म्हणून उत्तर लांब होतं, आणि लांब उत्तर भिंतीतून येता येता तुटायचं. अर्धवट नाव आलं की प्रोग्रॅम ते टाकून द्यायचा. बिननावाचे ओ मात्र कितीही भिंती मध्ये असोत, स्वच्छ यायचे. ही चेष्टा ताईला सहन होत नव्हती.

"मग नाव काढून टाका की," होईलसाहेब म्हणाले. "ओ आला म्हणजे माणूस आहे. नाव कशाला हवं? आत एकच जवान जाणार आहे."

"साहेब, कुणाचा ओ आहे ते कळायला नको?"

"ताई, तुम्ही इतके महिने काय करताय हे वरचे लोक मला विचारतात. मी काय सांगू? आमच्या यंत्राला आधी ओळखपत्र दाखवावं लागतं, असं?"

तिनं दोन दिवस दुसरे उपाय केले. अँटेना बदलली, ताकद वाढवली, भिंतीशी भांडण मांडलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी दुपारी ती इतकी वैतागली होती की मुनीच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "काढ ते नाव. नुसता ओ घे. कुणाचाही."

मुनीनं काही ओळी खोडल्या. सेट पाच भिंतींआड ठेवला. दहा हाका, दहा ओ. सगळे हिरवे. होईलसाहेबांनी सगळ्यांना चहा मागवला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "झालं!" असं ऐकायला मिळालं.

मुनी पडद्याकडे पाहत होता. "लाल अक्षरं गेली," तो म्हणाला.

"गेली ना? चांगलं झालं."

"गेली म्हणजे, आता वेगळी दिसत नाहीत."

ताईनं ते ऐकलं. पण चहा आलेला होता, आणि इतक्या महिन्यांनी कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारत होतं. तिनं कप उचलला.

५

अग्निशमन दलाच्या मैदानावर सरावासाठी बांधलेलं धूरघर आहे. दुमजली, खिडक्यांना आतून पत्रे ठोकलेले, यायला-जायला समोरचं एकच पोलादी दार. यंत्रानं धूर सोडला की आत स्वतःचा हात दिसत नाही. बाहेर ऊन लखलखत होतं. वरचे साहेब खुर्च्या मांडून बसले होते, होईलसाहेब त्यांच्या मागे वाकून उभे.

धूरघराच्या वर-खाली चारी कोपऱ्यांना हाक मारणारे सेट बसवले होते, त्यांच्या अंतरांवरून ताईच्या हातातला पडदा खोली दाखवायचा. खेळ सोपा होता. टिल्लूनं मनाला येईल त्या खोलीत जाऊन बसायचं आणि ताईनं बाहेरून ती खोली सांगायची. मुखवटा चढवण्याआधी तो तिच्या कानाशी वाकला.

"लपाछपीच झाली की ही. या वेळी तरी हरू का जिंकू?"

"हर. हाक मारली की ओ दे."

"वर्दीत आहे ताई. ओ तुझं यंत्र देईल." त्यानं मुखवटा लावला, दाराला हाताची पालथी बाजू टेकवली आणि धुरात शिरला.

ताई हाका मारत राहिली. हिरवे ओ येत राहिले. आकडे वाढत गेले, जिन्यापाशी अडखळले, वर चढले, आणि एका जागी थांबले. इतकं नेमकं यंत्र तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. तिनं मोठ्यानं सांगितलं, "वरचा मजला. मागची खोली. कोपऱ्यात."

ती हे बोलत असतानाच टिल्लू दारातून बाहेर आला.

त्यानं मुखवटा काढला. घामानं चेहरा ओला, केस कपाळाला चिकटलेले. तोच तो. वरच्या साहेबांनी विचारलं, कुठे होतास? त्यानं हात वर करून मागची खोली दाखवली. टाळ्या वाजल्या. होईलसाहेब ताईकडे असे पाहत होते की जणू सगळं त्यांनीच केलं होतं आणि तिला नुसतं दाखवत होते.

ताईनं हातातल्या पडद्याकडे पाहिलं. वरचा मजला. मागची खोली. कोपऱ्यात.

अडकला, तिच्या मनात आलं. ऐन वेळी अडकायचंच होतं या मेल्याला. तिनं पुन्हा कळ दाबली. हिरवा ओ आला. वरचा मजला. तिच्या डोक्यात रक्त चढलं. इतके महिने, इतकी बोलणी, आणि शेवटी हे. टिल्लूच्या कमरेला सेट होता, पण त्याचा दिवा विझलेला होता. म्हणजे हा सेट बंद पडला, आणि आतून येतोय तो जुना बिननावाचा. तिनंच त्याला हिरवा करून घेतला होता. आता कुणाला सांगणार?

तिनं पुन्हा कळ दाबली. आकडा हलला. जिन्याच्या वरच्या पायरीवर आला.

"टिल्लू," ती हलकेच म्हणाली.

तो तिच्याकडे पाहून हसला आणि मान डोलावली.

वर्दीत आहे, ताईनं स्वतःला सांगितलं. नुसता ओ द्यायचा नाही. पण मग नाव सांगायला हवं. "टिल्लू, काय म्हणतेय मी?" तिनं पुन्हा विचारलं. तो तसाच हसत राहिला. त्याच्या हसण्यात काही खोट नव्हती. फक्त ते संपत नव्हतं. आणि बाहेर आल्यापासून त्यानं एक शब्द उच्चारला नव्हता, हे तिला आत्ता कळलं.

साहेब लोक उठले. कुणीतरी ओरडलं, धूर मैदानात येतोय, दार लावून घ्या. टिल्लूच गेला. जिना उतरणारा आकडा खालच्या मार्गिकेत आला होता. दाराच्या फटीतून ताईला आतला करडा धूर दिसला, आणि त्या धुरात, भिंतीच्या कडेनं, गुडघ्याच्या उंचीवर, सरपटत येणारा एक हातमोजा. पालथा.

टिल्लूनं आपला उघडा तळहात दारावर ठेवला, सपाट, बोटं फाकवून, आणि दार लावून घेतलं. मग बाहेरून कडी घातली.

६

"साहेब, आत कुणीतरी आहे!"

"ताई, अहो झालं प्रात्यक्षिक. तुमचा भाऊ तो काय उभा आहे."

"यंत्र दाखवतंय! हे बघा, दाराशी आलाय!"

"यंत्र बॅटरीशिवायसुद्धा दाखवतं, तुम्हीच नाही का म्हणाला होतात?" होईलसाहेब खालच्या आवाजात म्हणाले आणि वरच्या साहेबांसाठी पुन्हा हसले. "बंद करा आता ते. होईल, नंतर दुरुस्त होईल."

ताई धावली. कुणी अडवलं नाही. आनंदाच्या भरात बाई भावाकडे धावतेय, असंच सगळ्यांना वाटलं असेल. हातातला पडदा वेड्यासारखा पालटत होता. दाराआड. हातभर. दाराआड. हातभर. एकाच नावाला दोन ओ येत होते, आणि कुठला कुणाचा हे सांगणारी ओळ तिनंच खोडायला लावली होती.

आतून दारावर काहीतरी घासत होतं. मूठ आपटण्याचा आवाज नव्हता. मऊ, सावकाश, खालून वर. दार तापलंय का ते पाहणाऱ्या हाताचा.

दाराबाहेरचा तो बाजूला उभाच होता. तिच्यासाठी त्यानं वाट करून दिली. तिनं कडीला हात घातला, पण ती उघडायच्या आधी हात थबकला. मुक्या खोलीत हातभर अंतरावर जे होतं ते याच हाकेला उत्तर देत होतं. आत कोण आहे हे यंत्र सांगत नव्हतं, डोळे सांगत नव्हते. उरली होती ती अंगणातली जुनी रीत. तिनं पोलादाला तोंड लावलं आणि लहानपणी लपाछपीत ओरडायची तशी जिवाच्या आकांतानं ओरडली.

"टिल्लू!"

आतून, मुखवट्याच्या आडून, खोकल्यानं तुटलेला आवाज आला. "टिल्लू. दाराच्या आत. ताई, कडी काढ."

आणि तिच्या मागून, अगदी मानेपाशी, लांबलचक, लाडिक, जसाच्या तसा:

"ओऽऽ."